विमानतळाची तालीम

"हाऊ लाँग विल यू स्टे?" प्रज्ञेशने तिसऱ्यांदा विचारलं.

शर्मिला पुन्हा तिथेच अडखळली. तिच्या वतीने सहा वर्षांच्या प्रियदर्शनीने खणखणीत उत्तर दिलं, "टू वीक्स, सर. वुई आर टूरिस्ट्स." प्रज्ञेशने टीव्हीच्या रिकाम्या खोक्यावर थाप मारून मुलीला पास केलं आणि बायकोकडे वैतागून पाहिलं. एवढ्याशा पोरीला जमतं, मग हिला काय होतं?

प्रज्ञेशचं सगळं आयुष्य क्लासवर निघालं होतं. वर्ध्याहून पुण्याला आला तोच क्लाससाठी. बारावीला क्लास, इंजिनिअरिंगच्या गणिताला क्लास, कॉम्प्युटरच्या भाषांना तर गल्लोगल्ली क्लास. परदेशी विमानतळावर कसं बोलावं याचा क्लास कोथरूडमध्ये अजून कुणी काढला नव्हता, म्हणून त्याने तो घरातच काढला. रोज संध्याकाळी खोक्यामागे बसून तो साहेबी आवाजात प्रश्न विचारायचा. बायको-मुलीने न चाचरता सांगायचं: न्यूझीलंड बघायला आलोय, पुण्यात नोकरी आहे, घर आहे, दोन आठवड्यांनी परत जाणार.

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. अमेरिकेतले ते दोन टॉवर पडले आणि तिकडून येणारी कामं आटली. कंपनीने त्याला आधी बिनकामाचं बसवून ठेवलं, मग घरी पाठवलं. रीतसर अर्ज करून न्यूझीलंडला जायचं तर वर्ष-दीड वर्ष थांबावं लागणार होतं, आणि तेवढा दम त्याला कुठला. पर्यटक म्हणून उतरायचं, तिथे नोकरी शोधायची, ती मिळाली की राहण्याची परवानगी काढायची, असा त्याचा बेत होता. त्यापायी राहता फ्लॅट विकला. उद्या सकाळी नव्या मालकाला किल्ल्या द्यायच्या आणि मुंबईचा विमानतळ गाठायचा.

या सगळ्या डोलाऱ्याला आधार एकच होता, श्रीनिवास. हा कॉलेजपासूनचा मित्र दोन वर्षांपूर्वी ऑकलंडला गेलेला. त्याच्या घरी उतरायचं, त्याच्या ओळखीने नोकरी बघायची. काल त्याचा फोन आला तो ऑकलंडहून नव्हे, इथल्याच कर्वेनगरातल्या बहिणीच्या घरून. नोकरी गेली, गाशा गुंडाळून परत आलो, लाजेने कुणाला तोंड दाखवलेलं नाही. तू तरी बायको-पोरीला घेऊन जाऊ नकोस, असं तो पुन्हा पुन्हा विनवत होता. यावर प्रज्ञेशने काय करावं? आमचं विमान सुटेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकू नकोस, असं त्याने मित्रालाच बजावलं. गड्याची मतीच फिरली होती, दुसरं काय म्हणायचं. फ्लॅट गेला तो गेलाच, वर्ध्याला वडिलांनी अख्ख्या कॉलनीत पेढे वाटून ठेवलेले. आता माघार कशी घ्यायची? एकदा तिथे उतरलो की काहीतरी होईलच, असं तो कालपासून स्वतःला समजावत होता.

"आज मी साहेब होते," शर्मिला अचानक म्हणाली. "जास्त प्रश्न तर तुम्हालाच विचारतील."

त्याला बरं वाटलं. उशिरा का होईना, हिने मनावर घेतलं होतं. शर्मिलाने मुलीला खाली खेळायला पाठवलं, तिघांचे पासपोर्ट घेतले आणि ती खोक्यामागे जाऊन बसली. तो समोर सतरंजीवर बसला.

तिने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. कशासाठी आलात, कंपनी कोणती, वरच्या साहेबांचं नाव काय. त्याची उत्तरं फाडफाड येत होती. नवल म्हणजे तीही कुठे अडखळत नव्हती. तिचा आवाज इतका कोरडा होता की त्याला क्षणभर खरंच आपण परक्या मुलखात उभे आहोत असं वाटलं.

"उतरणार कुठे?"

"मित्राकडे."

"मित्र घ्यायला आलाय?"

हा प्रश्न त्याने कधीच शिकवला नव्हता. पण इतक्या वर्षांचे क्लास काही फुकट गेले नव्हते.

"यस. बाहेर गाडी घेऊन उभा आहे."

खाली पोरांचा आरडाओरडा चालला होता. त्यातून प्रियदर्शनीचा आवाज तेवढा वेगळा ऐकू येत होता. मग शर्मिला खोक्यामागून उठली आणि त्याच्यासमोर सतरंजीवर येऊन बसली.

"आता साहेब नाही, मी विचारतेय," ती म्हणाली. "श्रीनिवास भाऊजी येणार ना आपल्याला घ्यायला?"

बोलायची हीच वेळ होती. एक वाक्य बोलला असता तर छातीवरचा धोंडा उतरला असता. ते वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलंही. पण रोज रोज खोटं घोटून घेणाऱ्याच्या तोंडून आधी खोटंच बाहेर पडतं.

"येणार म्हणजे काय? तो तर कधीपासून वाट बघतोय आपली."

तिने मान डोलावली. त्याचा पासपोर्ट त्याच्यापुढे ठेवला. स्वतःचा आणि मुलीचा पर्समध्ये टाकून चेन ओढली.

"आम्ही दोघी येत नाही. उद्या वर्ध्याला जातो. न्यूझीलंडला राहायची परवानगी मिळाली, की बोलवा."

"अगं, पण असं एकाएकी झालं काय तुला?"

"सकाळी तुम्ही ट्रॅव्हल्सवाल्याकडे गेला होतात ना," शर्मिला म्हणाली, "तेव्हा भाऊजी आले होते. तुम्ही आत्ता बसलाय, तिथेच बसून रडून गेले."