चुकलेली ओळ

"आले का निरोप?" हेरंबरावांनी आतून विचारलं. हौशी मंडळींच्या जुन्या संगणक-नेटवर्कवरचे निरोप बायकोच्या संगणकावरच्या न्यूजरीडरमध्ये, म्हणजे गटांतले निरोप वाचायच्या प्रोग्रॅममध्येही दिसावेत, म्हणून ते दोन दिवस सर्व्हर जुळवत होते. कुमुदताईंना फक्त बागकामाचा गट हवा होता. पण गटांच्या यादीत एक ओळ चुकली आणि हेरंबरावांच्या मित्रांशी वीस वर्षं चाललेल्या गप्पाच तिकडे पोचल्या.

ते धावत आले, तोवर उशीर झाला होता; कुमुदताई वाचायला लागल्या होत्या.

"माझं गाणं म्हणजे शिक्षा?"

"अगं, चेष्टा होती ती."

"आणि हे? 'ही माहेरी गेलीय. घर खायला उठतंय.'" कुमुदताई थांबल्या. "मला का नाही सांगितलंत कधी?"

हेरंबराव ओशाळले. "काढून टाकू सगळं?"

"खबरदार!" त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आज कुकर तुम्ही लावा. मला वाचायचंय."