राणीची बनारसी

डॉक्टर मान खाली घालून बाहेर पडले, तेव्हा सकाळचे सात वाजले होते. तासाभरात घर बायकांनी भरलं. नीहारबाला सवाष्ण गेली होती. लग्नातली लाल बनारसी नेसवूनच तिला न्यायचं होतं.

"ठाकुरपो, जन्मभर राण्या नटवल्यात, आणि बायकोची साडी कुठंय ते ठाऊक नाही?" थोरल्या वहिनी डोळे पुसत धाकट्या दिराला म्हणाल्या.

पाँचूगोपालला ठाऊक होतं. त्यानं ट्रंकेतून कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेलं पुडकं काढून दिलं.

बायकांनी साडी उलगडली. बत्तीस वर्षांनीही जर लखलखत होती. कुणीतरी म्हणालं, अस्सल माल तो अस्सलच. पाँचूगोपालनं तोंड फिरवलं. ती साडी नकली होती. नीहारबाला त्याच साडीत घाटावर गेली.

चितपूरला त्याचं जात्रेच्या, म्हणजे बंगाली लोकनाट्याच्या, पोशाखांचं दुकान. लग्नाला दोन वर्षं झाली असतील, तेव्हा एका मंडळीनं जुन्या काळच्या राणीचा पोशाख सांगितला. पोशाख जुन्या तसबिरीबरहुकूम हवा आणि जर चांदीचीच हवी, असा मालकांचा हट्ट होता. एवढी जर घ्यायला ना मालकांकडे पैसा, ना पाँचूगोपालकडे. पण नाव कमवायची संधी हीच होती.

मग त्यानं बायकोच्या बनारसीची नक्कल तांब्याच्या जरीत विणून घेतली. वेल तीच, वजन तेच. पदरावरची एक कळी विणकराच्या हातून चुकली होती, तीसुद्धा तशीच चुकवून घेतली. नीहारबाला देवळात गेलेली असताना त्यानं नक्कल ट्रंकेत ठेवली आणि खरी साडी पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिशवी विसरूनच निघाला. नीहारबाला ती घेऊन दारापर्यंत आली.

"राणीसाहेबांचं सामान राहिलं," ती हसून म्हणाली.

दुकानात आल्या आल्या त्यानं कात्री चालवली. कापताना साडीकडे नीट बघायचा धीर त्याला झाला नाही. पोशाख गाजला. मालक चारचौघांत म्हणाले, याला म्हणतात चांदी. त्या पोशाखानं पाँचूगोपालला पुढची सगळी कामं मिळवून दिली.

दरवर्षी दुर्गापूजेला नीहारबाला ट्रंकेतली साडी बाहेर काढायची. कुणी पारखी बाई जर हातात धरून बघेल, ही त्याला धास्ती असायची. राहू दे, गर्दीत विटेल, असं तो म्हणायचा. ती त्याच्याकडे जरा वेळ बघायची आणि साडी पुन्हा घडी घालून ठेवायची.

"बरं. तुम्ही म्हणाल तेव्हाच नेसेन."

एवढंच. तीस वर्षं हेच चाललं.

श्राद्ध उरकल्यावर आठवड्याभरानं तूलिका नावाची मुलगी दुकानात आली. ती नाटकांचे पोशाख करायची. त्या राणीचं जुनं पालं, म्हणजे जात्रेचं नाटक, पुन्हा उभं राहणार होतं आणि राणीचा पोशाख तिला जसाच्या तसा नव्यानं करायचा होता. मंडळी मोडल्यावर पोशाख पाँचूगोपालकडेच परत आला होता; त्यानं माळ्यावरून पेटी उतरवली. पोशाखाची जर काळवंडली होती. त्यानं सांगितलं, नटांचा घाम, रंग, दुसरं काय होणार.

"जर कसली आहे, जेठू?" वडिलांच्या थोरल्या भावाला हाक मारावी तसं तिनं विचारलं.

"चांदीची. माझ्या बायकोच्या लग्नातली."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नीहारबालाची माफीही कधी मागितली नव्हती.

तिला नव्या जरीचा कस ठरवायचा होता. तिनं आतल्या शिवणीतून एक धागा ओढला, काडीवर धरून त्यातलं रेशीम जाळलं आणि उरलेली तार कसोटीच्या दगडावर घासली. चितपूरमध्ये ही परीक्षा सगळेच करतात. या पोशाखाची मात्र पाँचूगोपालनं कधी केली नव्हती. चांदी कुठून आली ते त्याला माहीतच होतं.

दगडावर लाल रेघ उठली.

"जेठू," ती हळूच म्हणाली, "हे तांबं आहे."

त्यानं दुसरा धागा ओढला. मग पदराकडचा तिसरा. तिन्ही रेघा लाल. त्या सकाळी पिशवी दारापर्यंत आणण्याआधी नीहारबालानं साड्या पुन्हा बदलल्या होत्या.

नीहारबालाला एकदा, नेस, म्हणायचं राहून गेलं.