शाईचं वर्गणी-प्रकरण

बाबांच्या प्रिंटरच्या शाईची वर्गणी वर्षात तिसऱ्यांदा वाढली आणि लेकीचं डोकंच फिरलं. "शाई आहे की अत्तर?" बाबा राहणार एकटे, छापणार रोजचं एक पान, ते पान मोजून कंपनी तिच्या फोनवर आकडा पाठवणार आणि महिनाअखेरीला तिच्याच खात्यातून पैसे कापणार! स्वस्तातली शाई घालून पाहिली, तर प्रिंटर रुसून बसला. शेवटी सुट्टीच्या दिवशी ती टाकीवाला नवा प्रिंटर घेऊनच बाबांकडे धडकली. बाटलीभर शाई ओतली की वर्षभर बघायला नको.

जुन्याची वायर उपसायला ती खाली वाकली, तर टेबलाखाली शब्दकोड्यांची ही एवढी थप्पी. एकाही चौकोनात अक्षर नाही.

"बाबा, सोडवायची नाहीत तर रोज छापता कशाला?"

"मला कुठे डोंबलाची कोडी येतात? सकाळी उठलो की एक पान काढतो. तुझ्या फोनवर आकडा हलतो ना, म्हणजे तुला कळतं, म्हातारा उठला."

मग नव्या खोक्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "याला येतं का गं तेवढं?"