डॉक्टर गद्र्यांची तांब्याची रवी

देशाच्या इंधनाचा प्रश्न आज मुळशीत कायमचा सुटणार होता. फक्त पुण्याहून बर्फाची गाडी वेळेवर यायला हवी होती.

ती आली. डॉक्टर गद्र्यांनी भुशातला बर्फ काढून पोलादी भांड्याभोवती रचला. भांड्यात पाणी, त्यावर पंपानं दाबून भरलेला गोबर गॅस. गारठ्यात आणि दाबाखाली हा गॅस पाण्यात अडकून बर्फासारखा गोठतो, आणि मग टाकीभर गॅस पाटीत मावतो. अडचण एवढीच, की गोठायला दोन-दोन दिवस लागतात. गद्र्यांच्या शेडमध्ये मात्र तासाभरात काम व्हायचं. आधी भांड्याच्या काचेच्या खिडकीवर फेस चढायचा, मागोमाग पांढरा थर.

श्रेय रवीचं होतं. गद्र्यांनी स्वतः आखलेली, तांबटआळीतून घडवून आणलेली. ती आली त्याच आठवड्यात सगुणाबाई भांडी घासायला लागली आणि शेडला एकदम कळा आली. रवी फिरवायला शेजारच्या माले गावचा धुळाजी मेंढरं भावाच्या गळ्यात घालून येई.

आज दिल्लीची समिती येणार होती. पसंत पडलं तर कारखाना. नाहीतर गद्रे परत कॉलेजात, पहिल्या वर्षाच्या पोरांना लिटमस दाखवायला.

म्हणून त्यांनी कालच सगळ्यांना दम भरला होता. "धुळाजी, उद्या बिडी बंद. सगुणाबाई, काचेवर तो फेस दिसता कामा नये. दिल्लीची माणसं आहेत!"

समिती आली, खुर्च्यांवर बसली. धुळाजी रवी फिरवत राहिला. काचेमागे पाणी ते पाणीच. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, मग जांभई दिली.

"उलटी फिरवतोयस का रे?" गद्रे कुजबुजले.

"रोजच्यावानीच फिरवतुया, सायब."

"मग जोर लाव!"

"लावतो. दांडा मोडला तर मला बोलायचं न्हाई."

जेवणाच्या सुमाराला समिती धरण बघायला म्हणून उठली, ती परस्पर पुण्याला गेली.

गद्र्यांनी रवी उपसून उन्हात धरली. वाकली नव्हती, झिजली नव्हती. मग चुकलं कुठं?

सगुणाबाई चहा घेऊन आली. भारी खुशीत होती.

"पानी कसं नितळ दिसलं न्हवं, सायब? रोज मी भांडं रिठ्याच्या पान्यात भिजत घालते, सोन्याच्या डागिन्यावानी. त्येचाच फेस ऱ्हायचा. तुमी नको म्हनलात, म्हून आज नुस्ती राख लावली."