हंगामाची पहिली फेरी

"मोठी बोट घेतलीत, तर आपण समुद्रावर आहोत हे कळणारसुद्धा नाही," बुकिंगवाली मुलगी म्हणाली. "पण मग बर्फ नुसता काचेतून बघायचा. ही छोटी मात्र पार हिमनगांच्या गर्दीत घुसते. रबरी होडीतून बर्फावर उतरवतात." मग तिचा आवाज जरा खाली आला. "फक्त वाटेत दोन दिवस खुला समुद्र आहे. येतानाही दोन. तिथं लाटा दोन-दोन मजली उठतात. तुमच्यात कुणाला बोट लागते का?"

"ह्यांना लागते," दाताच्या डॉक्टरची बायको म्हणाली. "तळ्यातल्या होडीत बसले तरी लागते. छोटीच दाखवा."

शेजारच्या खुर्चीतल्या नवऱ्याने हातातलं माहितीपत्रक मिटून ठेवलं. तिच्या मावसबहिणीबरोबरचं त्याचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हापासून त्याचं एकच पालुपद होतं: तू म्हणशील ते. नवे पडदे, तू म्हणशील ते. रात्रीची भाजी, तू म्हणशील ती. शेवटी म्हणाला, कुठंतरी लांब जाऊन येऊ, दोघंच, तू म्हणशील तिथं. त्याला वाटलं होतं, ती डोंगरावरचं एखादं हॉटेल सांगेल. तिने दक्षिण ध्रुवाकडचा बर्फ सांगितला.

"दातांच्या डॉक्टरवर दात धरलाय मी," असं ती फोनवर भावजयीला म्हणाली होती. दोघी खूप हसल्या होत्या. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ भिंतीकडे बघत बसली होती.

"महिना कुठला बघू?" मुलीने विचारलं.

"समुद्र सगळ्यात खवळलेला कधी असतो?"

मुलगी थबकली. "हंगामाच्या सुरुवातीला. पहिली फेरी जरा जडच जाते. म्हणजे मी तर म्हणेन, थोडं थांबून..."

"पहिलीच फेरी. आणि केबिन?"

"केबिन मधली घ्या, खालच्या मजल्यावरची. तिथं कमी डुलतं. वरच्या मजल्यावर, बोटीच्या नाकाकडं एक रिकामी आहे, पण ती मी कुणाला सुचवत नाही. झोपलेला माणूस उशीपासून पायथ्यापर्यंत घसरतो म्हणतात."

ती नवऱ्याकडे वळली. ह्या क्षणासाठीच तर ती इथवर आली होती. दरवर्षी तो दंतवैद्यांच्या संमेलनाला जायचा आणि बॅग ती भरायची. शर्ट, मोजे, उलटीच्या गोळ्या. "बाहेरच्या कप्प्यात ठेवल्यात हं," असं दारापर्यंत जाऊन सांगायची. संमेलन नव्हतंच. एक बेट होतं, आणि त्या बेटावर जायला होडी होती. तिने मोजून दिलेल्या गोळ्या घेऊन तो तिच्याच बहिणीशेजारी त्या होडीत बसायचा. आता त्याच्या तोंडचं पाणी पळताना तिला बघायचं होतं.

"वरचीच द्या," नवरा मुलीला म्हणाला.

मग त्याने हळूच बायकोच्या हातावर हात ठेवला. "आणि ह्या वेळी गोळ्या भरू नकोस. मी घेणार नाही."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. भीती होती, पण तिच्या मागे दुसरंच काही होतं. दवाखान्यातल्या बाकावर हा चेहरा तिने कितीदा तरी पाहिला होता. दाढ आजच काढू, दुखेल, पण मग मोकळे व्हाल, असं ऐकल्यावर पेशंटचा होतो तो.

तिने हात काढून घेतला.

"अरे वा," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून ती त्याला अहो-जाहो करत आली होती, कडाक्याच्या भांडणातसुद्धा. "चार दिवस ओकलास की फिटलं, असं ठरवलंयस होय तू?"

मुलीने कीबोर्डात डोकं घातलं.

"मी असं कुठं म्हटलं?" तो पुटपुटला.

"म्हणायला कशाला हवं!"

ती मुलीकडे वळली. बोलताना तिचा आवाज नेहमीसारखा झाला होता. "फेरी तीच. बोटही तीच. केबिन मधली द्या, खालच्या मजल्यावरची. एकटीसाठी."

"एकटीसाठी?"

"मला बोट लागत नाही."

"आणि मी?" नवऱ्याने विचारलं. "मग मी काय करायचं?"

"ते तुझं तू बघ." पर्स उघडून तिने पासपोर्ट काढला आणि टेबलावरून पुढे सरकवला. "इतकी वर्षं बॅगा भरून दिल्या, तेवढं पुरे. आता शिक्षासुद्धा मीच शोधून द्यायची की काय?"

मुलगी पासपोर्ट घेऊन झेरॉक्स काढायला उठली. जाता जाता तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि ती थांबली.

"सर, पाणी आणू का?"

त्याचा रंग उतरला होता, कपाळावर घाम आला होता, आणि होडीचा काठ धरावा तशी दोन्ही हातांनी त्याने टेबलाची कड घट्ट धरली होती.