आबांचा अर्धा तास

२०२३ चा मार्च. सोमवारची सकाळ. अमरावतीच्या एस.टी. स्टँडवर आजोबांच्या हातातला डबा घेत वर्षाली एका दमात म्हणाली, "आबा, गुरुवारपासून डबा देवानंदभाऊच्या रसवंतीवर ठेवून देत जा. मी माह्या टाइमनं नेईन. इथं अर्धा तास जाते माहा."

जानराव शहात्तर वर्षांचे. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं हारफुलांचं दुकान. पंचाहत्तरी ओलांडल्यावर एस.टी. फुकट झाली, तेव्हापासून त्यांना जणू पंखच फुटले. दर सोमवारी आणि गुरुवारी पहिली गाडी धरून नातीला भाकरी, ठेचा, कधी मुगाचे वडे पोचवायचे. मग बाकावर बसून कोणाच्या लग्नाचे हार कमी पडले, गल्लीतल्या ओमप्रकाशच्या बकरीनं झेंडूचं टोपलं कसं साफ केलं, ते सगळं सांगायचे. वर्षाली घड्याळ पाहत ऐकायची.

तिचंही खोटं नव्हतं. इंजिनिअरिंगचे दोन विषय राहिले होते. या वेळी पुन्हा गेले असते तर वर्षच वाया. कॉलेज, प्रॅक्टिकल, क्लास, संध्याकाळी चार मुलांची शिकवणी. कॉलेजात आलेल्या एका पाहुण्या बाईंनी सांगितलं होतं, आठवडाभर प्रत्येक अर्धा तास कुठे जातो ते लिहा आणि बिनकामाचा असेल तो कापा. तिनं लिहिलं. दोन ठिकाणी 'आबा' आलं.

"अन् मी काय करू मंग?" आबांनी विचारलं.

"तुमी लगेच वापस जा. तुमचाई टाइम वाचते."

"माह्या टाइमचं का लोणचं घालू?" ते हसले. मग म्हणाले, "बराबर हाय तुहं. पेपर झाले का दिवसभर बसू."

"नक्की, आबा."

गुरुवारपासून डबा स्टँडवरच्या रसवंतीच्या फळीवर दिसू लागला. कधी अकराला, कधी दोनला वर्षाली यायची, डबा उचलायची आणि धावत ऑटोत बसायची. वेळापत्रक छान बसलं. अभ्यासही झाला.

मे महिन्यात शेवटचा पेपर दोन दिवसांवर असताना आबा झोपेतच गेले. 'पोरीचा टाइम मोडू नका,' असं ते घरात सारखं बजावत. म्हणून घरच्यांनी तिला पेपर झाल्यावरच कळवलं. ती अकोल्याला पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं; घरात नुसत्या बायका बसल्या होत्या.

शेजारच्या दुकानातल्या माणिकबाईंनी तिला जवळ ओढलं. "नात असावी त अशी. एवढ्या अभ्यासातून म्हाताऱ्याले अर्धा-अर्धा तास देत होती. आमचे नातू त मोबाइलातून मान वर नाई करत."

वर्षालीनं आईकडे, भावनाकडे पाहिलं.

"आबा घरी येऊन सारं सांगत," भावना डोळे पुसत म्हणाली. "एप्रिलात तुहा हात भाजला होता ना? पट्टी बांधल्या हातानं तू त्यायले रसाचा गिलास देल्ला म्हणे. चार दिवस तेच सांगून राहिले होते."

हात भाजल्याचं वर्षालीनं घरी कोणालाच सांगितलं नव्हतं.

म्हणजे आबा लगेच परतत नव्हते. ती डबा न्यायला येईपर्यंत स्टँडवरच कुठे तरी, तिला दिसणार नाही असे बसून राहत. लांबून तिला पाहत. आणि उरलेला अर्धा तास परतीच्या गाडीत मनानंच रचत.

दोन्ही विषय सुटले. वर्षाली आता अकोटला एका कंपनीत नोकरी करते. देवानंदची रसवंती दर उन्हाळ्यात लागते. हारफुलांचं दुकान भावना चालवते. माणिकबाईंना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण गल्लीतलं कोणतंही कॉलेजातलं पोर घाईघाईनं समोरून गेलं की त्या पावलं ओळखून त्याला थांबवतात. "टाइम कसा काढा लागते, ते वर्षालीपासून शिक, बाबू."