छातीवरचं नाव

"छातीवर नाव लिहा, म्हणजे पेशंट ओळखतील," युगांडातल्या मिशन हॉस्पिटलातल्या नर्सने मार्कर पुढे केला. शेजारच्या जिल्ह्यात इबोला पसरला होता. डोक्यापासून पायापर्यंत झाकणाऱ्या पांढऱ्या पोशाखात सगळे सारखेच दिसत. नगरहून आलेल्या एस्तेरबाईंनी लग्नापासून डॉक्टर नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. त्यांनी लाजतच डॉक्टरांच्या पोशाखावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'अहो'.

आठवड्याभरात सगळा वॉर्ड 'डॉक्टर अहो' म्हणू लागला.

मग डॉक्टरांनाच तापाने गाठलं. खाटेवर ते निपचित पडले. संसर्ग टाळायला बांधलेल्या दोरीअलीकडून बाई हाका मारत राहिल्या, "अहो! अहो, ऐकलंत का?"

हूं नाही की चूं नाही.

"शांतवन!"

पापण्या हलल्या. "अगं, चारचौघांत नाव काय घेतेस?"

"बरे होऊन बाहेर या," बाई रडत-हसत म्हणाल्या, "मग पुन्हा अहोच म्हणते."